निनादाचा बंदोबस्त

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या आत्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या एकदाच्या नीट मुद्रित करून ठेवाव्यात, म्हणजे पुढेमागे त्यांच्या नातवंडांना त्या ऐकता येतील, अशा हेतूने मी त्यांना एका आप्ताच्या नव्या, अजून सामानसुमान न लागलेल्या घराच्या प्रशस्त दिवाणखान्यात बसविले, समोर तीन हातांवर यंत्र मांडले, आणि दोन तास त्यांनी न थकता म्हटलेल्या ओव्या घेऊन मोठ्या समाधानाने परतलो. रात्री ते मुद्रण ऐकावयास बसलो तेव्हा मात्र त्या समाधानाचा मागमूस उरला नाही. सूर होता, लय होती, पण शब्द एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. एका शब्दाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर पडे आणि तिसरा कोठे सुरू झाला याचा पत्ता लागत नसे. दुसऱ्या दिवशी खुद्द आत्यांना ते ऐकविले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे, हा माझा आवाज नव्हे. कोणी आडात बसून गातंय.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्याच दुपारी त्यांच्याच निजावयाच्या खोलीत, गादीवर त्यांना बसवून, लुगड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे सताड उघडी टाकून, पाठीमागच्या दांडीवर दोन जाड गोधड्या दुपदरी घालून आणि यंत्र तोंडापासून जेमतेम वीतभर अंतरावर आणून आम्ही पुन्हा आरंभ केला. कंठ तोच, यंत्र तेच, ऐकणारा तोच. आणि तरीही या वेळी ओव्यांतला ‘ळ’ देखील जिभेवरून कसा वळतो ते कानाला कळत होते. या दोन मुद्रणांमध्ये जे अंतर पडले ते कशामुळे पडले, आणि ते सामान्य गृहस्थाला आपल्या सामान्य घरात कसे मिटविता येईल, एवढाच प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु आज घरोघरी मोबाईल हाताशी असताना, कोणी अंधांसाठी पुस्तके वाचून मुद्रित करीत असताना, कोणी विद्यार्थ्यांसाठी पाठ तयार करीत असताना, आणि कोणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी जतन करू पाहत असताना, या लहान विषयाकडे दुर्लक्ष केल्याने किती शब्द कायमचे हातचे जात असतील, याचा विचार मनात आला म्हणजे त्यावर विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटू लागते.

आरंभीच एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट आहे. आपण सर्रास म्हणतो की खोलीत ‘प्रतिध्वनी येतो’. परंतु शास्त्राच्या दृष्टीने प्रतिध्वनी म्हणजे मूळ ध्वनी ऐकून संपल्यावर सुटा, वेगळा ऐकू येणारा त्याचा प्रतिसाद. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि कानावर उमटलेला ठसा सुमारे एक-दशांश सेकंद राहतो, म्हणून असा सुटा प्रतिसाद मिळावयाचा तर भिंत वा कडा निदान १७ मीटर दूर असावी लागते. विजापूरच्या गोल घुमटाखालच्या सज्जात उभे राहून ज्यांनी टाळी वाजविली असेल त्यांना हा सुटा प्रतिसाद, आणि तो एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा, ऐकावयास मिळाला असेल. परंतु १२ फुटी खोलीत असे काही घडणे शक्य नाही. तेथे परावर्तने इतकी दाट आणि इतकी जवळजवळ येतात की ती सुटी न राहता एकमेकांत मिसळून आवाजाला एक लांब, हळूहळू विरत जाणारी झालर लावतात. हिला निनाद म्हणावे. आपला झगडा आहे तो या निनादाशी.

हा निनाद सर्वथा वाईट असे मात्र कोणी समजू नये. दगडी गाभाऱ्यात म्हटलेला मंत्र भिंतींनी उचलून धरला म्हणजे त्याला जे गांभीर्य येते ते उघड्या माळावर येत नाही. तेथे शब्द आधीच सर्वांच्या परिचयाचा असतो आणि ऐकणाऱ्याला हवा असतो तो नाद. गायनालाही थोडा निनाद शोभतो. बोलण्याची गोष्ट वेगळी. तेथे ऐकणाऱ्याला न ठाऊक असलेला मजकूर त्याच्यापर्यंत पोचवावयाचा असतो, आणि तो पोचविण्याची जोखीम मुख्यतः व्यंजनांवर असते. स्वर दीर्घ आणि बलवान. व्यंजने क्षणिक आणि दुबळी. खोली स्वरांना लांबविते, आणि लांबलेला स्वर पुढच्या व्यंजनाला झाकून टाकतो. आपल्या भाषेत तर या झाकण्याने विशेष हानी होते, कारण मराठीत अल्पप्राण आणि महाप्राण यांतला भेद केवळ श्वासाच्या एका झुळुकेवर अवलंबून आहे. ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘काट’ आणि ‘खाट’, ‘पळ’ आणि ‘फळ’ या जोड्यांत अंतर कितीसे? ओठ किंवा जीभ सुटल्यानंतरचा एक सूक्ष्म निःश्वास, सेकंदाच्या लहानशा अंशाएवढा. नेमक्या त्या जागी मागच्या स्वराचे शेपूट येऊन बसले म्हणजे ‘थ’चा ‘त’ होण्यास वेळ लागत नाही. आत्यांच्या पहिल्या मुद्रणावरून मी जी नक्कल उतरविली तीत एका ओवीत भावाच्या घरी ‘ताट’ असल्याचे लिहून ठेविले होते. अर्थ लागत होता, म्हणून शंकाही आली नाही. दुसऱ्या मुद्रणात तो ‘थाट’ निघाला. बहीण भावाच्या जेवणाचे नव्हे, त्याच्या वैभवाचे कौतुक करीत होती.

येथे वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की, त्या दिवाणखान्यात समोर बसलो असता मला आत्यांचे शब्द चांगले कळत होते, मग यंत्रालाच ते का कळू नयेत? याचे उत्तर आपल्या श्रवणेंद्रियाच्या कौशल्यात आहे. मनुष्याला कान दोन आहेत, आणि मूळ ध्वनी कोणत्या दिशेने आला व परावर्तने कोणत्या दिशांनी आली याची छाननी मेंदू आपल्या नकळत करीत असतो. प्रथम पोचलेल्या ध्वनीला मान देऊन त्यामागून अल्पावकाशात येणाऱ्या परावर्तनांना त्याच्यातच सामावून घेण्याची जी सवय कानाला आहे, तिचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीत हेल्मुट हास याने १९४९ च्या सुमारास केला, आणि आजही तो परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. शिवाय समोर बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, मुद्रा दिसते. यंत्राचा कान एक; त्याला दिशा ठाऊक नाही, ओठ दिसत नाहीत, आणि मानमरातबही कळत नाही. त्याच्यापाशी जे येते ते सगळे तो एकाच वहीत, एकाच शाईने लिहितो. म्हणूनच खोलीत बसून ‘येथे निनाद फारसा नाही’ असे जे आपल्याला वाटते ते पुराव्यास चालत नाही. मुद्रण ऐकल्यावाचून निवाडा देऊ नये.

ध्वनिमुद्रणाच्या अगदी पहिल्या काळात ही अडचण एवढी जाणवत नसे, याचे कारणही मौजेचे आहे. भोंग्यात तोंड घालून गावयाचे, आणि केवळ त्या आवाजाच्या जोरावर सुई हलून तबकडीवर रेघ उमटावयाची, असा तेव्हाचा शिरस्ता होता. १९०२ साली कलकत्त्यात हिंदुस्थानी गायकांची पहिली मुद्रणे झाली ती एका हॉटेलच्या खोलीत तात्पुरती तजवीज करून. परंतु भोंग्याला जवळचेच ऐकू येत असल्यामुळे खोलीचा आवाज तबकडीवर फारसा उतरत नसे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण सुरू झाले, मायक्रोफोन आला, आणि दूरचे व क्षीण आवाज टिपण्याचे सामर्थ्य यंत्राला प्राप्त झाले. त्या सामर्थ्याबरोबर खोलीही आत आली. पुढे दोनच वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये, मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले. जगभर नभोवाणीच्या ध्वनिगृहांना जाड पडद्यांची आणि मऊ अस्तरांची जी गरज भासली, ती या नव्या, सर्वसंग्राहक कानामुळेच.

निनादाचा हिशेब मांडण्याची विद्या मात्र याआधीच सिद्ध झाली होती, आणि तिचे श्रेय वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाला आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले, कारण वक्त्याने उच्चारलेला शब्द तेथे पाच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळत राही, आणि तेवढ्या अवधीत सावकाश बोलणाराही पुढची दहापंधरा अक्षरे उच्चारून मोकळा होई. याला इलाज शोधण्याचे काम सत्तावीस वर्षांच्या सॅबिनवर सोपविण्यात आले. त्याची साधने म्हणजे ऑर्गनची एक नळी, कालमापक आणि स्वतःचे कान. रात्री रस्ते शांत झाल्यावर तो जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांवरच्या गाद्या उचलून आणी, एकेक करून त्या सभागृहात मांडी, नळी वाजवून थांबवी आणि आवाज कितव्या क्षणी विरतो ते मोजी. आणि उजाडण्यापूर्वी सर्व गाद्या जागच्या जागी नेऊन पोचवी. अंगावरच्या कपड्यांतील फरकानेही उत्तर बदलते हे ध्यानात येताच त्याने आपली पूर्वीची पुष्कळशी निरीक्षणे रद्द केली, आणि त्यापुढे नेमका तोच पोशाख करून तो प्रयोगाला बसू लागला. या तपश्चर्येतून जो नियम निघाला तो एका ओळीचा आहे: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांब, आणि खोलीतील शोषण जितके अधिक तितका तो आखूड. बॉस्टन येथे १९०० साली उघडलेले सिंफनी हॉल या नियमाच्या आधारे बांधले गेले, आणि जगातील उत्कृष्ट संगीतगृहांत त्याची गणना आजही होते.

शोषण मोजण्याचे सॅबिनचे माप मोठे सुबोध आहे: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक माप. हे माप हाती घेऊन आपण एका साध्या खोलीचा जमाखर्च मांडून पाहू. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. घनफळ १२०० घनफूट, आणि चार भिंती, छत व जमीन मिळून पृष्ठभाग ६८० चौरस फूट. भिंतींना गुळगुळीत गिलावा, खाली फरशी, आत सामान काही नाही. अशा पृष्ठांवर ध्वनी आदळला म्हणजे त्यातील शंभरांतले सुमारे तीनच भाग वसूल होतात, बाकीचे सत्त्याण्णव परत फिरतात. एवढ्या खोलीत ध्वनी सेकंदाला सुमारे १६० वेळा कोठे ना कोठे आदळतो. तरीही वसुलीचा दर इतका हलका असल्यामुळे त्याला पुरते विरावयास, म्हणजे दशलक्षांश होईपर्यंत क्षीण व्हावयास, जवळजवळ तीन सेकंद लागतात. आता याच खोलीत गाद्या, गोधड्या, जाजम, कपडे यांची अशी योजना करा की दीडशे चौरस फूट उघड्या खिडकीइतके शोषण नव्याने मिळेल. वसुलीचा सरासरी दर तीन टक्क्यांवरून पंचवीस टक्क्यांवर जातो. मराठ्यांच्या इतिहासातला शब्द वापरावयाचा तर खोली आता प्रत्येक धडकेला चौथाई घेऊ लागते, आणि तीन सेकंदांचा निनाद एक-तृतीयांश सेकंदावर येतो. बोलण्याच्या मुद्रणाला एवढे पुरेसे आहे.

या हिशेबातून निघणारा दुसरा निष्कर्ष मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. बोलणाऱ्यापासून दूर जावे तसा थेट येणारा आवाज झपाट्याने क्षीण होतो, पण निनाद मात्र खोलीभर जवळजवळ सारखा पसरलेला असतो; तेव्हा कोठेतरी अशी एक सीमा येते की जिच्या अलीकडे माणसाचा अंमल आणि पलीकडे खोलीचा. वर सांगितलेल्या रिकाम्या खोलीत ही सीमा तोंडापासून आठ इंचांवर, म्हणजे वीतभरही नाही. मऊ सामान मांडल्यावर तीच सुमारे बावीस इंचांवर, म्हणजे हातभराच्या थोडी पलीकडे जाते. मी आत्यांच्या पुढे तीन हातांवर यंत्र ठेविले होते. मोठ्या खोलीत ही सीमा काहीशी दूर असते हे खरे, पण तीन हातांइतकी खास नव्हे. म्हणजे ते दोन तास मी मुख्यतः त्या दिवाणखान्याचेच मुद्रण करीत होतो.

आता सामग्रीविषयी. मऊ वस्तू ध्वनी का शोषतात हे नीट समजले म्हणजे निम्म्या चुका टळतात. कापसाच्या वा लोकरीच्या तंतूंमधील बारीक वाटांतून हवा मागेपुढे हलू लागली की तंतूंशी घर्षण होते आणि ध्वनीची शक्ती किंचित उष्णता होऊन जिरते. म्हणजे काम करते ती आतली मोकळीक. आमच्या पेठेतील एका वृद्ध पिंजाऱ्याला मी हे सांगू लागलो, तेव्हा त्याने गादीचा एक कोपरा चिमटीत धरून दाखविला: कापूस बसून त्याचा गठ्ठा झाला होता. “यात वारा शिरत नाही,” तो म्हणाला, “तर आवाज काय शिरणार?” मग त्याने तो पिंजून फुलवून दिला. एखाद्या ग्रंथाचे प्रकरण होईल एवढे शास्त्र त्या दोन वाक्यांत आहे.

वारा शिरावा, आणि त्याला शिरावयास जाडीही असावी. ध्वनिलहरीची लांबी आणि अस्तराची जाडी यांचे नाते येथे निर्णायक ठरते. व्यंजनांची धार ज्या तीव्र स्वरांत असते त्यांची लहर, म्हणजे सेकंदाला २००० कंपनांची, सुमारे १७ सेंटिमीटर लांब. तिला चारपाच सेंटिमीटर जाडी पुरते. पुरुषाच्या आवाजातील १०० कंपनांच्या खर्जाची लहर मात्र जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, आणि भिंतीला चिकटविलेला पातळ पडदा तिच्या खिजगणतीतही नसतो. म्हणून केवळ पातळ फोमचे तुकडे डकवून सजविलेल्या खोलीत आवाज एकाच वेळी निस्तेज आणि घुमा येतो: वरची धार गेली, खालचा घुमारा तसाच. यावर सोपा उपाय असा की गोधडी किंवा पडदा भिंतीला टेकवून न लावता वीतभर पुढे, चुण्या पाडून टांगावा, आणि खोलीच्या कोपऱ्यांत, जेथे खर्ज साचतो, तेथे गुंडाळलेल्या गाद्या उभ्या कराव्यात. अंड्यांच्या पुठ्ठ्यांवर अनेकांची मोठी श्रद्धा आहे. परंतु तो पुठ्ठा पातळ आणि कठीण असून त्याच्या खळग्यांनी ध्वनी थोडाबहुत विखुरतो, जिरत फारसा नाही. त्याचप्रमाणे, गोधड्या लावल्या म्हणून रस्त्यावरची मोटार ऐकू येणार नाही असेही मानू नये. बाहेरचा आवाज अडविण्यास वजनदार भिंत आणि फटी नसलेले दार लागते. आतला आवाज जिरविण्यास पोकळ, सच्छिद्र वस्तू लागते. या दोन बाबी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केल्याने पुष्कळांचा पैसा व्यर्थ गेलेला मी पाहिला आहे.

जागेच्या योजनेविषयी सविस्तर विवेचन पुढील प्रकरणांत येईल. येथे एकच गोष्ट सांगून ठेवितो, कारण तीत बहुतेकांची उलट समजूत असते. एका दिशेचे ऐकणारा मायक्रोफोन वापरला असता लोक त्याच्या पाठीमागच्या भिंतीला अस्तर लावतात. वस्तुतः तो पाठीमागचे ऐकत नाही. त्याचे तोंड असते बोलणाऱ्याकडे, आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे जी भिंत असते तिच्यावरून परतलेला आवाज थेट त्याच्या तोंडात शिरतो. पहिली गोधडी तेथे हवी. आणि मोबाईल मेजावर उताणा ठेवून बोलावयाचे असेल तर त्याखाली निदान एक पंचा चार घड्या करून घालावा, म्हणजे मेजाच्या पृष्ठावरून उसळणारा आवाज मूळ आवाजाशी भांडणार नाही.

कोणी म्हणेल की आता संगणकावर निनाद काढून टाकण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? त्या युक्त्या मी वापरल्या आहेत आणि त्यांचा उपयोगही मान्य करतो. परंतु मागच्या स्वराचे शेपूट आणि पुढचे व्यंजन हे एकाच क्षणी, एकाच कंपनक्षेत्रात एकत्र झालेले असतात. एक खरवडताना दुसरे सोलले जाते, आणि निःश्वासाची ती झुळूक, जिच्यावर ‘थ’ उभा आहे, सर्वांत आधी नाहीशी होते. जे आधी गोधडीने साधते ते मागाहून गणिताने साधत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ गाणाऱ्या बायांच्या स्वतःच्या आवाजात उपलब्ध आहेत. ज्या घरांत अशा ओव्या पिढ्यानपिढ्या म्हटल्या गेल्या, तेथे सारवलेली भुई, धान्याची पोती, दांडीवरची लुगडी आणि उतरंडीशेजारची अंथरुणे निनादाचा बंदोबस्त कोणी न सांगताच करीत होती. आपण घरे बदलली; गुळगुळीत लाद्या आणि काचेची तावदाने आणली; आणि नेमक्या याच पिढीत प्रत्येकाच्या हाती मुद्रणाचे यंत्रही आले. यंत्र हाती आले आणि खोली हातची गेली, अशा या योगावर मात करण्याचा मार्ग दाखविणे हे या पुस्तिकेचे प्रयोजन आहे. तीत सांगितलेले बहुतेक उपाय बिनखर्चाचे आहेत, आणि प्रत्येक उपाय मी स्वतः करून, मुद्रण ऐकून मगच लिहिला आहे.

आवाजाचे मुद्रण हा एक दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजाची शाई फुटू न देण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. माझ्या वहीत आत्यांच्या ओव्यांची जी नक्कल आहे ती दुसऱ्या मुद्रणावरून मी शुद्ध करून घेतली. परंतु ओवी ही पाठ म्हणावयाची गोष्ट नव्हे. जाते फिरते तशी ती सुचते. पहिल्या दिवशी म्हटलेल्या काही ओव्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओठांवर आल्या नाहीत, आणि विचारता, “आता नाही आठवत, बाबा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या ओव्या केवळ दिवाणखान्यातल्या मुद्रणात आहेत. मी त्या शेकडो वेळा ऐकल्या आहेत. वहीत त्यांच्या तीन ओळींत तीन शब्दांच्या जागा मी रिकाम्या सोडल्या आहेत, आणि त्या भरून निघतील अशी आशा आता उरलेली नाही. वाचकाच्या वहीत अशी जागा राहू नये, म्हणून हे लेखन.